रिकाम्या पेटीचं वजन

माझ्या भासऱ्यांइतका माणसाला हादरवून सोडणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यासाठी त्यांना फक्त एक वजनकाटा लागतो. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे हाच शब्द आहे. घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीत त्यांनी चौतीस वर्षं ट्रकच्या काट्यावर काढली. रिकाम्या ट्रकचं वजन करायचं, भरलेल्याचं करायचं, वजाबाकी करायची, चिठ्ठी फाडायची. या एका वजाबाकीवर त्यांनी संसार केला, मुलाला पुण्याच्या नोकरीपर्यंत पोहोचवलं आणि रिटायर झाल्यावर तीच वजाबाकी घेऊन ते स्वयंपाकघरात शिरले. मी वरोऱ्याच्या शाळेत गणित शिकवते. लग्नापासून घरच्या किराण्याचा हिशेब मी रोज लिहिते आणि त्यात खोबऱ्याची वाटीसुद्धा सुटलेली नाही. हिशेबाच्या बाबतीत मला कोणी धक्का देईल असं मला वाटत नव्हतं. भासऱ्यांनी इतके दिले की आता मी घुग्घुसला जाताना मनाची तयारी करूनच बसमध्ये चढते.

रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती धान्याच्या व्यापाऱ्याकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा. दीडशे किलोचा, खाली पत्र्याचा पाट आणि वर लाल आकडे. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी मांडला. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "लोकं रिटायर झाल्यावर मोठा टीव्ही आनते. आमच्या घरी काटा आला. आता मी संध्याकाळी याच्यावर काय पाहू, मालिका?" दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा घरातल्या प्रत्येक डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा लिहिलेला होता. मला वाटलं किंमत असेल. ते डब्याचं रिकामं वजन होतं, 'झाकणासह' असा शेरा मारून. तुरीच्या डाळीचा डबा चारशे बारा ग्रॅम, तांदळाची कोठी तीन किलो सहाशे. हळदीच्या डबीत चमचा कायम असतो म्हणून तिच्यावर 'चमच्यासह'. दर रविवारी सकाळी सगळे डबे एकेक करून काट्यावर चढत, रिकामं वजन वजा होई आणि आठवड्यात काय किती गेलं ते वहीत उतरे. गॅसचं सिलिंडर तर रोज सकाळी चढे. "काल एकशे ऐंशी गेला," ते चहा पिता पिता सांगत, "वरन दोनदा गरम झालं." जाऊबाई पाठमोऱ्याच उत्तर देत, "तुमीच दोनदा जेवाले उशीर केला, ते पन लिवा." आणि ते खरोखरच लिहीत. मी ती ओळ वाचली आहे: कारण – स्वतःचा उशीर.

बाजारात त्यांची ख्याती वेगळीच होती. गुळाच्या भेलीचं वजन ते भोवतालच्या गोणपाटासह कधी होऊ देत नसत. दुकानदार आधी चिडला, मग कंटाळला, आणि सहा महिन्यांनी त्याचं वरच्या व्यापाऱ्याशी साखरेच्या पोत्यावरून वाजलं तेव्हा न्याय करायला त्यानं यांनाच बोलावून नेलं. पावसाळ्यात भाजीचा खर्च वाचावा म्हणून ते पहाटे फिरायला जाऊन तरोट्याची कोवळी पानं खुडून आणत. घुग्घुसच्या रस्त्याकडेची पानं म्हणजे त्यांच्यावर धूळ आलीच. त्यांनी ती धुण्याआधी तोलली, धुऊन, सुकवून पुन्हा तोलली आणि मला फोन केला. "मास्तरीणबाई, किलोमागं साठ ग्रॅम कोळसा निघाला. खानीतून रिटायर झालो, पन माल अजून घरपोच येऊन राह्यला." ते मला नावानं हाक मारत नाहीत, मास्तरीणबाईच म्हणतात.

पण खरा धक्का एका दिवाळीतला. आम्ही जेवायला बसणार तोच त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चपला काढून काट्यावर उभं केलं. त्याला वाटलं तब्येतीची चौकशी असेल. जेवण झाल्यावर पुन्हा उभं केलं. मग कार्बन घातलेल्या चिठ्ठीपुस्तकातून एक चिठ्ठी फाडून त्याच्या हातात ठेवली. रिकामं वजन सत्याहत्तर किलो चारशे. भरलेलं अठ्ठ्याहत्तर किलो नऊशे पन्नास. वजा पाणी तीनशे ग्रॅम. माल: एक किलो अडीचशे, पुरणपोळी व इतर. खाली सही. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, नवऱ्याला इतकं लाल झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उपवास धरला. मी भासऱ्यांना जरा स्पष्टच विचारलं, "दादा, पाहुण्याला असं तोलतात का?" ते खरोखर गोंधळले. "मी कुठी त्याले कमी खा म्हटलं? तो पोटभर जेवला हे कागदावर आलं पायजे ना."

इथेच त्यांना चिकट म्हणणारे लोक चुकतात. पोटाला मारून त्यांनी एक रुपया वाचवला नाही. शेजारच्या एका मजुराचं काम सुटलं तेव्हा त्यांनी त्याच्या घरी वीस किलो गहू पोचवले आणि काट्यावर एकोणीस किलो नऊशे ऐंशी दिसले म्हणून आणखी एक मूठ टाकायला परत फिरले. काट्यावर नोकरीत असतानाही ड्रायव्हर त्यांना मानत ते यासाठीच. त्यांना फक्त एक गोष्ट सहन होत नसे: वस्तू गेली आणि कुठे गेली ते ठाऊक नाही. हे ठाऊक झालं की खर्च आपोआप कमी होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि आकडे त्यांच्या बाजूनं होते. दोन माणसांचा वर्षाचा किराणा पहिल्या वर्षी अडुसष्ट हजार चारशे बारा. दुसऱ्या वर्षी एकोणसाठ हजार नऊशे तीस. तिसऱ्या वर्षी बावन्न हजार दोनशे पंचाहत्तर. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च चाले आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी ती वही तपासून सही करायला मला वरोऱ्याहून बोलावणं येई. मी फुकट सही करत नाही. प्रत्येक बेरीज स्वतः करते. तीन वर्षांत मला एकही चूक सापडली नाही, याचाही मला एक बारीक धक्काच होता. चौथ्या वर्षाचं लक्ष्य ठरलं अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे महिन्याला चार हजार.

त्या चौथ्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही तिथे असताना जाऊबाईंच्या आईचा फोन आला. त्यांचं गाव मुलचेऱ्याच्या पलीकडे, घर धानाच्या शेताला लागून. मुलगा कामासाठी बायकोपोरांसह हैदराबादकडे गेलेला, शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलेलं, आणि ही पंच्याहत्तरीची बाई गुडघे धरून एकटी राहत होती. पावसाळ्यात एकदा अंगणात पडली तर तासभर कोणाला कळलंही नव्हतं. जाऊबाईंचे हात पिठात होते म्हणून फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला. "आई, तू आता इकडंच ये," त्या म्हणत होत्या. "तिथी एकटी काय करून राह्यली? पडली-बिडली तर मले कोन सांगन?" आणि त्याच वेळी मागून, डब्यांवर कपडा फिरवता फिरवता, भासरे घड्याळातली वेळ सांगावी तसे म्हणाले, "तिसरा मानूस म्हनजे महिन्याले चौदाशे. साबन-झाडू वाढत नाई ना, म्हनून चौदाशे."

फोनमध्ये एकदम शांतता झाली. जाऊबाईंनी दोनदा "हॅलो" केलं. मग पलीकडून आवाज आला, "आयकलं बाई. येतो मी. चैत लागेपर्यंत राहीन." आम्हा सर्वांना वाटलं मध्ये नेटवर्क गेलं होतं. भासऱ्यांनी तर दुसऱ्याच दिवशी मागची खोली रिकामी केली, म्हातारीच्या गुडघ्यांना सोसेल अशी उंच बाज घेतली आणि संडासात धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला. ते सगळं किराण्यात बसत नाही म्हणून वेगळ्या वहीत लिहिलं. जाऊबाईंच्या मनात मात्र एकच धास्ती होती, ती त्यांनी मला भांडी घासताना सांगितली. "चैत लागला का ते जाते म्हनन. अन् गेली का तिथीच एक दिवस पडून राहीन. तिले इथी कसं थांबवू सांग."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धान निघाल्यावर म्हातारी आली. सोबत एक पत्र्याची पेटी. ती बसमधून उतरवायला कंडक्टर आणि भासरे असे दोघं लागले. ते म्हणाले, "बाई, पेटीत काय गोटे भरले?" ती म्हणाली, "लुगडी हायेत, जवाईबापू. जुन्या लुगड्याईचं वजन राह्यते." सासूच्या पेटीचं वजन करणं बरं दिसत नाही, एवढी रीत त्यांनाही होती. त्या घरात न तोलता शिरलेली ती एकच वस्तू.

जानेवारीत त्यांचे रविवारचे फोन सुरू झाले. "मास्तरीणबाई, तांदूळ कमी लागून राह्यले."

"चांगलं आहे की दादा."

"चांगलं कसं? मानूस वाढला ना घरात. ट्रकवर मानूस चढला अन् ट्रक हलका झाला, असं कधी होते का?"

मी म्हटलं काटा बिघडला असेल. त्यांनी मिठाचे दहा बंद पुडे काट्यावर ठेवून पाहिले, मग काटा सायकलरिक्षात घालून धान्याच्या दुकानात नेला आणि तिथल्या काट्याशी ताडून आणला. काटा बरोबर होता. फेब्रुवारीत त्यांच्या आवाजात काळजी आली. "म्हातारी जेवत नसन. लाजत असन." ते जेवताना तिच्या ताटाकडे बघू लागले. तिनंही ते ओळखलं आणि सरळ विचारलं, "काऊन पाहून राह्यले जवाईबापू, मी का तुमची गाडी आहो?" ती व्यवस्थित जेवत होती, दोनदा भात घेत होती. तरी त्यांचं समाधान होईना. डॉक्टरनं सांगितलंय असं खोटं सांगून त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. आली तेव्हाही असंच काहीतरी निमित्त काढून केलेलं होतं. तेव्हा त्रेचाळीस किलो दोनशे. आता चव्वेचाळीस किलो सहाशे भरली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं जाऊबाईंनी सांगितलं. जेवणारी माणसं तीन, तांदूळ दोन माणसांपेक्षा कमी, आणि म्हातारी एक किलो चारशेनं वाढलेली. "चौतीस वर्षांत कोळसा चोरायच्या साऱ्या तऱ्हा पाह्यल्या," ते मला म्हणाले. "रिकाम्या वजनाच्या वेळी सीटखाली दगड लपवते, टाकीत पानी भरते. पन गाडीत कोनी लपून कोळसा टाकला, असं काई पाह्यलं नाई."

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी वही तपासायला गेले. वर्षाचा आकडा सत्तेचाळीस हजार आठशे. लक्ष्याच्या आत, तेही चार महिने एक माणूस जास्त असताना. मी अभिनंदन केलं तर ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी चोरीच्या मालाला पावती दिली. "हे खातं खोटं आहे, मास्तरीणबाई. कुठी आहे ते मले सापडत नाई." मी पानं पुन्हा उलटली. एकेका जिनसाचे डिसेंबरआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढले. तेल वाढलं होतं. चहा, साखर, मीठ, तिखट, सगळं तिसऱ्या माणसाच्या हिशेबानं नीट वाढलेलं. उलटे गेलेले जिन्नस फक्त दोन. तांदूळ महिन्याला आठ किलोवरून सहा किलो सहाशेवर आले होते आणि तुरीची डाळ दोन किलो चारशेवरून एक किलो आठशेवर. तांदूळ आणि तूर. धान म्हातारीच्या शेतात होतं आणि तूर त्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. माझ्या हातातलं पेन थांबलं. तेवढ्यात समोरच्या स्वयंपाकघरात म्हातारी जाऊबाईंना सांगत होती, "जा व, मागून कढीपत्ता तोडून आन."

जाऊबाई मागे गेल्या. आम्ही दोघं पुढच्या खोलीत वहीत डोकं घालून बसलो आहोत असं तिला वाटत असणार. गुडघ्यांवर हात ठेवत ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली ती पदराखाली स्टीलचा पेला घेऊन. तांदळाच्या कोठीचं झाकण उघडून तिनं पेला आत ओतला. मग पदराच्या गाठीतून एक मूठ काढून वर टाकली. डाळीच्या डब्याचंही तसंच. वरून कोठी थोडी हलवून तिनं तांदूळ सारखे केले, आत कोणी हात घातला हे दिसू नये म्हणून.

भासरे माझ्याआधी उभे राहिले होते. चष्मा कपाळावर, हातात चिठ्ठीपुस्तक. मला वाटलं ते आता काहीतरी विचारतील. ते पुन्हा खाली बसले आणि आवाज न करता बसले. त्या पिढीच्या आईबापांना लेकीच्या घरचं अन्न फुकट खाणं सोसत नाही, हे मला माहीत होतं. माझे वडीलसुद्धा माझ्याकडे जेवले की ताटाखाली दहाची नोट ठेवून जायचे. पण ही बाई चार महिने रोज आपण खाल्लेलं मापून परत करत होती, आणि कमी पडू नये म्हणून वर एक मूठ घालत होती. 'महिन्याले चौदाशे' हे शब्द तिनं फोनवर ऐकले होते. तेल आणि साखर तिच्या शेतात पिकत नव्हती, नाहीतर तीही परत आली असती. आणि चैत लागला की ती का जाणार होती, तेही आता कळलं. तोपर्यंत पेटी रिकामी होणार होती.

संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, "परवाच्या गाडीनं जातो मी." जाऊबाईंची पोळी तव्यावरच राहिली. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भासरे उठून म्हातारीच्या खोलीत गेले आणि पेटी उचलून बाहेर घेऊन आले. एकट्यानं. ती आता एका माणसाला उचलण्याजोगी झाली होती. म्हातारी "जवाईबापू, राहू द्या" म्हणत मागे मागे आली. त्यांनी पेटी काट्यावर ठेवली, झाकण उघडलं. दोन लुगडी आणि तळाला एका फडक्यात जेमतेम किलोभर तांदूळ उरले होते. ती भिंतीला धरून उभी राहिली. त्यांनी लुगडी काढून तिच्या हातात दिली, तांदूळ कोठीत ओतले, आकडा वाचला आणि कोनाड्यातून ऑइलपेंटची डबी आणि ब्रश आणला.

"बाई," ते पेटीसमोर उकिडवे बसून लिहिता लिहिता म्हणाले, "काट्यावर गाडी आली का आमी ड्रायव्हरले उतरवत नाई. रिकामी गाडी तोलतानी तो आतच बसून राह्यते, भरलेली तोलतानी पन. त्याचं वजन गाडीत धरलं जाते. मालात नाई. त्याचे पैसे कोनी मांगत नाई अन् तो देत बी नाई." ब्रश पुसत ते पुढे म्हणाले, "मी फोनवर चौदाशे म्हटलं ते चुकलं. तुमाले मालात धरलं मी. ते खातं आज दुरुस्त केलं."

म्हातारी पेटीवरचा आकडा बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं व?" तिनं लेकीला विचारलं. जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावलेला होता, म्हणून मी वाचून दाखवलं, "रिकामं वजन नऊ किलो तीनशे. झाकणासह." घरच्या सगळ्या डब्यांवर असतं तसंच. तिनं हातातली लुगडी पुन्हा पेटीत ठेवली. मग म्हणाली, "मंग इथीच राहू द्या पेटी. आता रंग लागला तिले." आणि तीही राहिली.

आल्यापासून ती जवळजवळ अडीच वर्षं राहिली. पुढच्या दोन्ही वर्षांत किराणा अठ्ठावन्न हजारांच्या खाली आला नाही आणि भासऱ्यांनी लक्ष्याची गोष्ट काढली नाही. दर डिसेंबरात बटईचे तांदूळ गावाहून येत ते पेटीत पडत. पेटी मात्र त्यांनी पुन्हा काट्यावर चढवली नाही.

यंदा मार्चच्या शेवटच्या रविवारी मी गेले तेव्हा मागच्या खोलीतली बाज उभी करून ठेवलेली होती. म्हातारी वारली त्याला वर्ष होत आलं आहे. त्यांनी वही पुढे केली. सेहेचाळीस हजार नऊशे. ज्या अठ्ठेचाळीस हजारांमागे ते एके काळी धावले त्यांच्याही खाली. "कमी झालं या साली," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी नेहमीप्रमाणे बेरजा केल्या. तांदळाच्या पानावर ते आता रोज शिजायला घेतलेलेही तोलून लिहीत, आणि तिथे मला एक गोष्ट दिसली: शिजायला घेतलेले आणि शिल्लक यांची बेरीज विकत घेतलेल्यांपेक्षा जास्त येत होती. दर महिन्याला साधारण दीड किलोनं. दिवसाला पन्नास ग्रॅम. मी मनातल्या मनात भाग देऊन पाहिला. एक मूठ होते.

मी वर पाहिलं. ते चष्मा पुसत होते, गरज नसताना. पलीकडे म्हातारीच्या खोलीत पेटीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. माझ्या सहीखाली आजवर एकही चुकीचं पान गेलेलं नाही. मी तांदळाच्या पानावर 'बरोबर' लिहिलं आणि सही केली.